काडेपेटी आणि फुंकर

१२ नोव्हेंबर १९९६, अमरोली, सुरत

नाही गं बाई, मी कशाला जळू? मी तर चिडवायला गेले होते.

दिवाळीचं वेकेशन, लूम बंद. शेजारचा भास्कर ओट्यावर बसून बायकोची नखं काडेपेटीच्या खरबरीत बाजूवर घासत होता. एकेक बोट धरून. मध्येच फुंकर! परवा टिकल्या लावायला साड्या येतील, बोचऱ्या नखाने धागा ओढला जातो. ठाऊक आहे, मीपण तेच काम करते. पण माझी नखं मीच घासते ना? हे होते तेव्हा यांनी तरी कधी पाहिली?

मी म्हटलं, "काय भास्करभाऊ, लूम सोडून कासाराचा धंदा धरला का?"

त्याची सुमन म्हणते, "जळू नका मावशी. बसा, तुमचीपण घासून देतील."

"माझ्या नखांना काडेपेटी नाही, पाटा लागेल," म्हणत हसत घरात आले.

तेव्हापासून घासतेच आहे. डाव्या हाताने उजवी नखं धड होत नाहीत, अंगठा मात्र सोलला. आणि ती फुंकर... सगळ्या गल्लीसमोर!

बरं, जळले. आणि सुमन 'बसा' म्हणाली तेव्हा माझा हात पुढे गेलाच होता. पदराखाली ओढून घेतला.