फ्रिजच्या लाइनवरची खोली

३ मार्च

वायरिंगचा नकाशा आजपासून माझ्याकडे! सोलर बसवायचं ठरल्यापासून दादा नुसता उंटावरून शेळ्या हाकतोय – "पॅनल गच्चीवर, बॅटरी जिन्याखाली, झालं!" झालं काय? मधल्या वायरी काय हवेतून जाणार? शेवटी वहिनी म्हणाली, "वन्सं, जन्मभर ड्रॉइंग ऑफिसात लोकांच्या इमारती काढल्यात. आता आपलं घर काढा."

कपाटामागची टी-स्क्वेअरची पट्टी शोधून पुसली. रिटायर झाल्यापासून तिला हात लावला नव्हता. काय बरं वाटलं!

५ मार्च

वायरमन येऊन गेला. सगळे त्याला फ्यूजभाऊ म्हणतात, तोही फोनवर तेच नाव सांगतो. म्हणाला, लाइट गेल्यावर बॅटरी अख्खं घर ओढत नाही. जे हवंच ते एका बोर्डावर, बाकीचं दुसऱ्यावर. बॅटरीच्या बोर्डावर फक्त सहा लाइनी.

झालं – जुंपली! दादाला टीव्ही. भाचीला वायफाय, वर गीझर! फ्यूजभाऊ म्हणाला, "गीझर लावा खुशाल. अर्ध्या आंघोळीत बॅटरी मान टाकेल." वहिनीने काहीच मागितलं नाही. "फ्रिज तेवढा चालू राहू दे, दूध नासायला नको." बस्स.

मीही माझ्या खोलीसाठी काही मागितलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

६ मार्च

कुणाला नाही तर कागदाला तरी सांगते. मी घर घेतलंय. भाड्याने. मागच्या गल्लीपलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर आणि बाल्कनी. बाल्कनीतून आमच्या घराची मागची बाजू दिसते, माझ्या खिडकीसकट.

इथे मला कुणी दुखवलंय? छे! लग्न केलं नाही. आईवडिलांकडून वसतिगृहात, वसतिगृहातून दादाकडे. आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या दाराला आतून कडी लावून बसायचंय – कुणी "चहा घेतेस का?" न विचारता. एवढीच हौस. पण दादाला वाटणार बहीण रुसून गेली. रडेल तो. जाहिराती बघूनसुद्धा रडतो!

सोलर सुरू झालं की सांगेन. मी गेल्यावरही घर अंधारात राहायला नको, म्हणून नकाशा जीव ओतून काढतेय. माझी खोली तेवढी बॅटरीवरून वगळली. रिकाम्या खोलीला कशाला दिवा?

९ मार्च

बॅटरी जिन्याखाली नाहीच. तिथे चपला, रद्दी आणि कोंदट हवा. बोळातल्या सावलीच्या भिंतीवर जागा काढली. गच्चीवरून येणाऱ्या वायरींना वेगळा पाइप – त्या घरातल्या वायरींत मिसळायच्या नाहीत. नकाशा आता देखणा दिसतोय. स्वतःचं कौतुक स्वतःच करावं, दुसरं कोण करणार?

१० मार्च

दादाने माझ्या नकाशावर टीव्हीची लाइन काढली. पेनाने! दिवसभर बोलले नाही.

१३ मार्च

आज खटके ओळखायचा दिवस. फ्यूजभाऊ बोर्डापाशी, आम्ही एकेका खोलीत. तो खटका पाडणार, ज्याची लाइट जाईल त्याने ओरडायचं. "गेली!" "इथली आहे!" "अरे, बाथरूमची गेली, मी आत आहे!" – भाची. हसून हसून पोट दुखलं.

मग एक खटका पाडला आणि वहिनी ओरडली, "फ्रिज गेला!" त्याच क्षणी माझ्या खोलीतला पंखा थांबला.

फ्यूजभाऊ नकाशा घेऊन आला. "ताई, तुमची खोली फ्रिजच्याच लाइनवर आहे." असणारच. मी राहायला आले तेव्हा सामानाची खोली रिकामी करून मला दिली आणि दादाने स्वयंपाकघरातून वायर ओढली. "मग नकाशात ही खोली बॅटरीवर का नाही? वगळायची तर भिंत फोडून लाइन तोडावी लागेल. का, इथे कुणी राहणार नाही का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बिंग फुटलं! खोलीच्या दारात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. भाची म्हणाली, "आत्या, भारी!" दादा तडक गच्चीवर निघून गेला.

"मग तोडू लाइन?" फ्यूजभाऊने विचारलं.

"अजिबात नाही!" वहिनी एकदम कडाडली. "खोली बॅटरीवरच राहील. दिवा, पंखा, सगळं!"

इतकी ठाम मी तिला कधी पाहिली नव्हती. मला रडूच फुटलं. माझी खोली माझ्यासाठी राखून ठेवतेय बिचारी!

१४ मार्च

दादा अबोल. भिंतीकडे तोंड करून चहा पितो.

१६ मार्च

अजून तसाच. जेवणही नीट नाही. उद्या घरमालकिणीला नको म्हणून कळवते. भावाचं मन मोडून कुठली कडी लावायची? पण वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१७ मार्च

कळवणारच होते, तेवढ्यात दादा आला. सोबत फ्यूजभाऊ. दोघांच्या गुडघ्यांना धूळ.

"तुझ्या त्या घरात अर्थिंग नाही," दादा गरजला. "त्या इमारतीत चौकशी करून, आतून पाहून आलो. आधी अर्थिंग, मग सामान. तोवर एक पिशवी हलवायची नाही!"

मग व्हायचं तेच झालं. तोही रडला, मीही. फ्यूजभाऊ बिचारा छताकडे बघत उभा.

दादाने खिशातून कागद काढला. माझ्या नव्या घराचा नकाशा. वाकडातिकडा, पेनाने काढलेला. या वेळी पेन माफ!

२९ मार्च

सोलर सुरू! मेन खटका पाडला – घर जसंच्या तसं. फ्रिजसुद्धा दचकला नाही. भाचीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी माझ्या घरी. अर्थिंगसकट!

४ एप्रिल

दिवेलागणीला गल्लीतली लाइट गेली. चहाचा कप घेऊन अंधारात बाल्कनीत बसले. एकटी. अहाहा!

समोर आमचं एकच घर उजळलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दादा एकेक डबा उघडून काहीतरी शोधत होता. शेजारच्या खिडकीत, माझ्या खोलीत, वहिनी. दार लावलेलं, पंखा जोरात, पाय माझ्या टेबलावर. हातात ना भाजी, ना कपडे. काहीच नाही. नुसती बसली होती.

माझ्यासाठी राखली म्हणे! आयत्या बिळात नागोबा! आणि मला वाटत होतं, त्या घरात कडी लावून बसायची हौस माझ्या एकटीलाच आहे.

चिडवायला फोन उचलला होता. ठेवून दिला.