पायऱ्यांवरचं ऊन

बाबा, अकोल्यात नदीकाठी, बाजाराच्या मागे, बाग झाली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शाळेत शिकत होते. या बागेचा आराखडा मी केला. झाडं, मांडव, सगळीकडे सावली दिली, कारण इथला मे तुम्हाला सांगायला नको. फक्त पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या उघड्या ठेवल्या. त्यांचं तोंड दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिथे ऊन असतं.

आपल्या वलगावला रात्रीचं ओलित करून, पिकाला पाणी देऊन तुम्ही गुडघ्यापर्यंत भिजून यायचात. सकाळी अंगणात बाज टाकून पडायचात आणि भिंतीची सावली पायांवर आली की हाक: "पोरी, धर वं त्या बाजूनं, ऊन सरकलं." दुपारपर्यंत आपली बाज अंगणभर फिरायची. मी पुन्हा पडवीत, पुस्तक घेऊन. "तिथं काहून कुडकुडून राहिली? ये इकडं उनात." मी मान हलवते, पान उलटते. तुम्ही संत्रं सोलता आणि अर्धं बाजेच्या कडेला ठेवता. मी येऊन घेते तेव्हा ते कोमट झालेलं असतं.

या पायऱ्यांवर पत्र्याचं छप्पर घालायचं असं आमच्या साहेबांनी ठरवलं होतं. "मॅडम, हे वऱ्हाड आहे. इथं ऊन कोणाले पाहिजे?" मी सूर्याचे कोन दाखवले, त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांना तिथेच घेऊन गेले. पेरू विकणारी एक आजी पायरीवर पाय पसरून बसली होती. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "छप्पर घालसान तं आमी हिवात कुठं बसाचं, साहेब? तुमीच पहा, कोट घालूनबी थंडीनं कापून राहिले. बसा."

साहेब बसले, वाद घालायलाच. मग कोटाची बटणं सोडली. मग पेरू घेतला. पेरू संपला तरी उठले नाहीत.

"काहून साहेब, आता घरी नाही जाचं का?" आजी म्हणाली.

साहेब हसले. "छप्पर वरच्या वाटेवर घेऊ," मला म्हणाले, डोळे मिटूनच.

आता रविवारी मी तिथे जाते. म्हातारी माणसं उन्हाकडे पाय पसरून बसतात, शेंगा खातात, एकमेकांची उणीदुणी काढतात. कुणालाच जागा बदलावी लागत नाही. तेवढंच मला साधायचं होतं.

ऊन मला अजूनही आवडत नाही, बाबा. हेही मी कडेच्या कडुनिंबाखाली बसून लिहिते आहे. इथून पायऱ्या सगळ्या दिसतात.