एकाच नोकरीतून तीनदा

रोहणा, ता. आर्वी
६ फेब्रुवारी

आदरणीय मामांना धम्मदीपचा सप्रेम जयभीम. दीपमाला मामींनाही जयभीम. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेत चला, आणि आजची घेतली नसेल तर पत्र खाली ठेवा, गोळी घ्या, पाणी प्या आणि मग पुढे वाचा. मामींचा गुडघा कसा आहे? सावंगीत ऊन तापायला लागलं का? वरच्या खोलीतली मेडिकलची पोरं परीक्षा देऊन गेली म्हणे, म्हणजे खोली आता रिकामीच असेल ना? (सहज विचारलं.)

फोन असताना याने पत्र काऊन लिहिलं, असं तुम्ही आत्ता मामींना विचारत असाल. मामा, फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. मी "मामा, एक सांगायचं होतं" म्हटलं की तुम्ही "साक्षगंधाचं ना? सगळं झालं समज" म्हणून ठेवून देता. या पंधरवड्यात चारदा असं झालं. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तुमचा स्वभाव पाहता तुम्ही आधी पूर्ण वाचाल.

तर मामा, मला नोकरीवरून काढलं. आता बसा. (मामी, पंखा लावा.) वीस जानेवारीला, मंगळवारी, दुपारी बारा वाजता, आर्वी रोडवरच्या पोह्याच्या टपरीसमोर, मोबाईलवर काढलं. वरच्या ऑफिसातल्या एक बाई व्हिडिओ कॉलवर आल्या आणि गोड हसून म्हणाल्या की बँकेने कठीण निर्णय घेतलाय आणि... तेवढ्यात नेटवर्क गेलं. बाई तोंड उघडं ठेवून तशाच थिजल्या. मी टपरीमागच्या मातीच्या ढिगावर चढलो आणि म्हणालो, मॅडम, आवाज तुटला, परत सांगता का? त्यांनी बिचारीने पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा "कठीण निर्णय"पर्यंत आल्या आणि पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळेला मी ढिगाच्या अगदी टोकावर एका पायावर उभा राहिलो, तेव्हा कुठे मी नीट काढला गेलो. शेवटी मीच त्यांना धन्यवाद म्हणालो, कारण त्या फार दमल्या होत्या. एकाच नोकरीतून तीनदा काढला गेलेला मी आपल्या खानदानातला पहिलाच असेन.

खाली उतरलो आणि मला काय झालं कळेना. मी हसायलाच लागलो. तर्री पोहे मागवले, ते संपवून पुन्हा मागवले, नाकातून पाणी येईपर्यंत तर्री ओरपली आणि हसतच राहिलो. टपरीवाल्याला वाटलं मला सरकारी नोकरीची ऑर्डर आली. त्याने माझ्या हातात हात दिला आणि वरून चहा पाजला. मीही नाही म्हटलं नाही.

तुम्ही म्हणाल, पोरगं वेडं झालं. मामा, वेडा मी आधी होतो. तुम्हाला मागच्या वर्षीची नानाजींची अंत्ययात्रा आठवते? मला बाभळीमागे रडताना पाहून तुम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगितलंत की नातवाचा आजोबांवर केवढा जीव. जीव होताच, खोटं नाही. पण त्या घडीला हर्षित सरांचा फोन चालू होता. (हर्षित सर म्हणजे आमचे एरिया मॅनेजर, मूळ भोपाळचे, वय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त आणि आवाज वीस माणसांचा.) ते विचारत होते की एवढी माणसं जमलीच आहेत, तर आपल्या बँकेच्या विम्याचं बोलणं किती जणांशी झालं? म्हणून मी रडत होतो. रोज सकाळी सव्वाआठला त्यांचा कॉल असायचा, आणि ज्याचं काल काही विकलं गेलं नाही त्याने सगळ्यांसमोर "मी आज टीमला खाली पाहायला लावलं" असं तीनदा म्हणायचं. मी इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही म्हणायचो. आईने एकदा ऐकलं आणि माझी नजर उतरवली.

आता खरी गंमत. आमचा अजून एक नियम होता. रोज सकाळी ग्राहकासोबत फोटो काढायचा, खाली ठिकाण उमटलं पाहिजे, आणि तो ग्रुपवर टाकायचा. बँकेने माझा ईमेल दहा मिनिटांत बंद केला, ओळखपत्र कुरिअरने मागवलं, पण ग्रुपवरून काढायचं कोणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने हात फोनकडे गेला. हरभऱ्याच्या वावरात बाबा उभे होते, त्यांच्यासोबतचाच फोटो टाकला. अर्ध्या मिनिटात सरांचा अंगठा आला, "वाह शेर!" मामा, तीन वर्षांत ते मला पहिल्यांदा शेर म्हणाले, आणि तेही नोकरी गेल्यावर.

मग मला ऊतच आला. पुढच्या दिवशी शेजारच्या शोभाबाई काकू आणि त्यांची बकरी. खाली लिहिलं, दोन ग्राहक. सरांचा अंगठा. तिसऱ्या दिवशी काकू नव्हत्या, म्हणून नुसती बकरी. अंगठा. पाचव्या दिवशी बाबांचा जुना शर्ट घातलेलं बुजगावणं, त्याच्या खांद्यावर माझा हात. लिहिलं, ग्राहक अजून विचार करत आहेत. सरांनी लिहिलं, "पीछे लगे रहो." (हे फोटो कोण काढून देत होतं, ते कृपया विचारू नका.) ग्रुपवरच्या बाकीच्यांना माझी नोकरी गेल्याचं माहीत होतं, पण पुलगावच्या रुपेशने मला वेगळा निरोप धाडला की भाऊ, थांबू नको, तुझे फोटो पाहाले आम्ही सकाळी उठून राह्यलो. एकट्या सरांनाच पत्ता नव्हता. काढलेल्यांची यादी वरून परस्पर आली होती आणि त्यांनी ती मेल उघडलीच नव्हती, कारण तिच्या मथळ्यात टार्गेट हा शब्द नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी मला आठवड्याचा सर्वोत्तम कर्मचारी जाहीर केलं.

नवव्या दिवशी पांढरी गाडी दारात उभी. हर्षित सर, टायसकट! माझी तर पाचावर धारण बसली. घरी मी सांगितलं होतं की बँकेने घरूनच काम करायला दिलंय. बाबांनी सरांना खाटेवर बसवलं, आईने पाटोडीची भाजी आणि भाकरी वाढली. सर पाच भाकरी जेवले, हात धुतले आणि बाबांच्या देखतच माझा हात धरून रडायला लागले. आदल्या दिवशी त्यांनाही काढलं होतं! घरी सांगायची सोय नाही, सासरे फार कडक. म्हणाले, सगळ्या एरियात तुझाच तेवढा गाव चालतोय, वर तुझ्या शब्दाला किंमत आहे, माझ्यासाठी एक शब्द टाक.

मी काय करणार, मामा? म्हणालो, सर, मला काढून आज नऊ दिवस झाले. त्यांनी माझा हात सोडला. मग त्यांनी हळूच विचारलं, "और वो बकरी?" आणि जे हसायला लागले ते खाटेवरून खालीच आले. मीही बसलो त्यांच्या शेजारी जमिनीवर. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

बाबा तेवढे हसले नाहीत. तुम्हाला तुमचे भाऊजी ठाऊकच आहेत. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तीन साल झाले, तू जेवतानी फोन उलटा ठेवून भेत भेत जेवत होता. आता आठ-नऊ दिस झाले, पोटभर खाऊन राह्यला, हासून राह्यला. मले वाटलं, पोराले काही बिमारी झाली का काय. नोकरी गेली त गेली. पोरगं त घरी आलं ना."  त्यावर लगेच म्हणाले, "पण मामाले तूच सांगजो. माह्यात नाई हिंमत."

म्हणून हे पत्र. मामा, तुम्ही हिंगणीच्या अण्णाजींना सांगून ठेवलंय की धम्मदीपशिवाय बँकेचं कुलूप उघडत नाही. त्या शब्दावर त्यांनी आपली मेघा द्यायचं ठरवलं. येत्या पंधरा तारखेला, रविवारी साक्षगंध. मेघा आमच्याच गावच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे, तिला मी रोज पाहतो, आणि लपवून काय करू, मला तीच हवी आहे. नोकरी गेल्याचं मला काडीचं दुःख नाही. पण हे लग्न मोडलं तर मी नाही हसू शकणार. आर्वीला दोन ठिकाणी अर्ज दिलेत, अजून कोणी हो म्हटलेलं नाही. खोटं बोलून तिच्या बोटात अंगठी घालायची नाही, एवढं मात्र पक्कं. काय रागवायचं ते मला रागवा. आई-बाबांचा यात दोष नाही.

तुमचा भाचा,
धम्मदीप

ता. क. : अण्णाजींना तुम्ही सांगाल का? मी तीनदा हिंगणीच्या बसमध्ये बसलो आणि तीनदा वाटेत सेलूलाच उतरलो.

ता. क. दुसरा : हे पत्र घेऊन दारात जो टायवाला माणूस उभा आहे, तोच हर्षित सर. त्याला बॅग खाली ठेवायला सांगा. आठ दिवस आमच्याकडे होता. सव्वाआठला कापूस वेचणाऱ्या बायांची मीटिंग घ्यायचा. काल शोभाबाई काकू म्हणाल्या, "साहेब, तोंडानं नाई, हातानं येचा." आता तुमची वरची खोली रिकामी आहेच. भाकरी जरा जास्त थापायला लागतील.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं, मेघाचं) : मामा, जयभीम. पाकीट मी चिकटवते म्हणून पत्र मागून घेतलं. फोटो मीच काढत होते, बकरी माझीच कल्पना. माझ्या बाबांना, म्हणजे अण्णाजींना, मी नोकरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बिननोकरीचा पोरगा चालते, खोटा नाई चालत. साक्षगंधाच्या आधी मामाले सोताहून सांगते का, तेवढं पाह्यजो." या पत्रात त्याने सांगितलं. मी बाबांना आत्ताच फोन केला, ते मंडप टाकायला लागले. बाबांना सगळं ठाऊक आहे हे धम्मदीपला माहीत नाही आणि रविवारपर्यंत कळू देऊ नका. मला रोज सकाळी बकरी-बुजगावण्यासमोर उभं केलंय, त्याचा हा बदला. तुम्ही वेळेवर या, मामींना आणा, आणि हर्षित सरांनाही आणा. फोटो काढायला कोणीतरी लागेल. ठिकाण उमटलं पाहिजे म्हणावं.