माझ्या हातचा कॉम्प्युटर

प्रिय ताई,

महिनाभर तुला लिहायचं टाळलं, कारण तू बाबांना सांगावंस असं काही हाती नव्हतं. आता आहे. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. भाच्याचा हलणारा दात पडला का?

जन्मभर लोकांचे कपडे मापानं शिवणाऱ्या बाबांनी मी शहरात यायला निघताना मला बजावलं होतं, "कॉम्प्युटर तयारच घे. तुझ्या हातून कधी काही पुरं झालंय?" म्हणून मी मुद्दाम सुटे भाग आणून खाटेवर जोडले. बटण दाबलं तर ढिम्म. दोन दिवस जीव टांगणीला. शेवटी खालची रेडिओ दुरुस्त करणारी मावशी म्हणाली, "शहाण्या, ही वायर लोंबतेय, ती कोण लावणार?"

लावली. पंखा फिरला, आणि मी बसवलेला एकेक भाग ओळखून कॉम्प्युटरनं पडद्यावर नावानिशी दाखवला. अंगावर काटा आला गं. नकळत हात जोडले मी.

थांब, दार वाजलं.

बाबा आलेत, न कळवता. सोबत तयार कॉम्प्युटरचं खोकं. चष्मा लावून माझ्या कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत डोकावतायत, कपडा उलटून शिवण बघतात ना, तसे. खोकं दाराशीच राहिलंय.

तुझा धाकटा