निळी बॅग परत मिळण्याबाबत

तापीकाठ, ता. शहादा
दि. ९ जुलै

तीर्थस्वरूप आबांच्या पायांवर डोकं टेकून हेमकांतचा नमस्कार. आईंनाही तितकाच. आपला गुडघा आणि आईंचा डोळा कसा आहे ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझ्या मातोश्री जीजीला सर्दी झाली आहे, पपईवर रोग पडला आहे आणि चार दिवसांपासून स्वयंपाक मी करतो आहे. बाकी क्षेम.

परवा फोनवर आपण म्हणालात, "जावईबुवा, काय असेल ते लेखी द्या." चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला तोंडी गोष्ट पटत नाही हे मला मान्य आहे, म्हणून लेखी देतो. मुद्दा एवढाच, की कामिनी रविवारी सकाळी न सांगता नवापूरला आपल्याकडे आली, येताना घरातली निळी बॅग घेऊन आली, आणि त्या बॅगेत आमच्या घराची सगळी आपत्कालीन व्यवस्था आहे. ती व्यवस्था मला परत हवी. कामिनी कधी येणार तेही कळलं तर बरंच, पण तातडीचा विषय बॅग. (तिला फोन केला की ती म्हणते, "काय आपत्ती शे ते सांगा, नहीते फोन ठेवा." मला काही सांगता येत नाही, मग मीच ठेवतो.) ती का गेली हे देवाशपथ मला कळलेलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. आपल्याला वाचता वाचता कारण सापडलं तर मलाही कळवा.

जूनमध्ये तालुक्याहून एक साहेब आमच्या ग्रामपंचायतीत आले. बॅरेजचे दरवाजे उघडले की आमच्या खालच्या गल्लीत पाणी चढतं, तेव्हा प्रत्येक घराने एक पिशवी भरून दाराशी ठेवावी, भोंगा वाजला की ती उचलून उंचावरच्या शाळेत जावं, असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस टिकेल असं खाणं, पाणी, बॅटरी, दोर, शिट्टी, औषधं, कागदपत्रं. यादी साधी होती. मी हात वर केला तो पंखा वाढवा म्हणायला, पण साहेबांना वाटलं मी स्वतःहून पुढे येतोय. टाळ्या वाजल्या. मी गावाच्या आपत्ती समितीचा सचिव झालो आणि नमुन्याची पिशवी माझ्या घरी भरायची ठरली.

आता आबा, पिशवी म्हटली की आधी पिशवी लागते. खताच्या गोणीत कागदपत्रं कशी ठेवायची? शोधता शोधता कपाटावर ती निळी बॅग दिसली. चेन धड, कप्पे पाच, पट्टा मजबूत. आपणच कामिनीला घेऊन दिलेली, दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झोका खेळायला येताना ती नवापूरला आणते तीच. यंदा अखाजीला जीजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि कामिनीचं येणं राहिलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. बॅग मात्र भरलेलीच होती. दोन महिने भरलेली बॅग नुसती कपाटावर पडून, तीही ऐन पावसाळ्यात! मी आतलं सामान काढून मिरचीच्या रिकाम्या पोत्यात नीट ठेवलं आणि कामाला लागलो. कामिनी तेव्हा भाकरी थापत होती. तिने पाहिलं, पण बोलली नाही. बोलली नाही म्हणजे हरकत नाही, असं मी धरलं. (अठ्ठावीस वर्षं मी असंच धरत आलोय. आजवर काही अडचण आली नव्हती.)

यादी साधी होती असं मी वर लिहिलं. ती माझ्या हातात येईपर्यंत साधी होती. नंतर मी मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ पाहिले. तो जंगलात एकटाच राहतो, आणि त्याच्याकडे बघून तो कुणालाच नको असावा असं वाटतं, पण त्याला माहिती फार. त्याच्या सांगण्यावरून मी घासून आग लावायची कांडी मागवली, एकवीस कामं करणारा चाकू मागवला आणि होकायंत्र मागवलं. कांडी मी अंगणात चाळीस वेळा घासली, शेवटी कामिनीने चुलीतली काडी आणून दिली. चाकूची एकवीसपैकी तीन कामं मला समजली. होकायंत्राचं तर काय सांगू, आमच्या गावात जन्मलेल्या म्हशीलाही कळतं की तापी मावळतीला वाहते. पण तो माणूस म्हणाला, संकटात दिशा हरवते. मी घाबरलो आणि दोन मागवली. अंगावर घ्यायचं चांदीसारखं चकचकीत पांघरूण आलं ते पाहून जीजी म्हणाली, "हाई काय, परसादना कागद शे का?" दोर मात्र उत्तम मिळाला. नायलॉनचा, वीस मीटर, दोन माणसांचं वजन घेतो. मी आणि शेजारच्या दोधूभाऊंनी, दोघांनी त्याला लोंबकळून पाहिलं.

घरात पिशवी भरली जातेय म्हटल्यावर जो तो काहीतरी आणून देऊ लागला. जीजीने देव दिले, पितळी तांब्या दिला, ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा दिला आणि लाल तिखटाची बरणी दिली. (पुरात तिखट कशाला, विचारलं तर म्हणाली, "शाळामा जे देतीन ते फिकंच ऱ्हाई.") दोधूभाऊंनी त्यांच्या घराची कागदपत्रं आमच्याच बॅगेत टाकली, कारण त्यांच्याकडे चेनची बॅग नाही. माझी रक्तदाबाची गोळी, माझा दूरचा चष्मा, माझा गरम टोप, जीजीची औषधं, जीजीची काठी (ती बसेना, म्हणून बाहेरून बांधली), आमच्या लेकीची, रंजिताची, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं. अशा एकूण त्रेचाळीस वस्तू झाल्या. कापसाच्या काट्यावर बॅग एकतीस किलो भरली. मी किल्ली बॅगेत ठेवली आणि समाधानाने कुलूप लावलं. मग ती काढायला चाकूचं चौथं काम समजलं.

शनिवारी सरावाचा दिवस. भोंगा वाजला की घड्याळ लावून शाळेत पोचायचं. सचिवाने वेळ मोजायची असते, म्हणून मी पुढे निघालो. सहा मिनिटांत पोचलो. शिट्टी वाजवून माझी वेळ वहीत टिपली, तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरचं दुसरं कुणी आलेलं नाही. अडतिसाव्या मिनिटाला कामिनी आली. डोक्यावर बॅग, एका हाताने जीजीला धरलेलं, दुसऱ्या हातात जीजीच्या चपला, कारण चिखलात त्या रुतत होत्या. मी वहीत लिहिलं, "बॅग समाधानकारक."

मग शाळेच्या ओसरीवर सगळ्या गावादेखत बॅग उघडून मी एकेक वस्तू दाखवली. टाळ्या पडल्या. कामिनी पदराने तोंड पुसत खांबाला टेकून उभी होती. माझी यादी संपल्यावर तिने हळूच विचारलं, "यामा मन्हं काय शे?" तिचं असं काही सापडतंय का म्हणून मी पुन्हा यादी पाहिली, आबा. उलटून पाहिली, मागची कोरी बाजूही पाहिली. मग जे सुचलं ते बोललो. म्हटलं, "तुन्हं कशाले? तू तं शेच ना उचलाले." बायका हसल्या. कामिनीही हसली असं मला वाटलं. दूरचा चष्मा बॅगेत होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

रविवारी सकाळी ती बॅग घेऊन बाहेर पडली. आणि इथे खरा गोंधळ झाला. आमच्या गल्लीने पाहिलं की आपत्ती समितीच्या सचिवाची बायको आपत्तीची बॅग घेऊन तरातरा शहाद्याच्या रस्त्याला लागली. भोंगा नाही, निरोप नाही, म्हणजे पाणी इतक्या जवळ आलंय की भोंगा वाजवायलाही वेळ नाही! दहा मिनिटांत गुरं सुटली. लोकांनी गाद्या घेतल्या, पंखे घेतले, कोणी दाराच्या बिजागऱ्या काढल्या. दोधूभाऊंनी दोन म्हशी थेट तिसरीच्या वर्गात बांधल्या. सगळे मला विचारू लागले, पाणी कुठपर्यंत आलं? आता मी काय सांगू? चारशे माणसांसमोर सांगू, की पाणी नाही, बायको रुसून गेली? मी म्हटलं, "येतंय." खोटं बोललो, आबा. तीन तास सगळं गाव शाळेच्या पटांगणात उन्हात बसून कोरड्या नदीकडे बघत होतं आणि मी मध्ये मध्ये होकायंत्र पाहत होतो. शेवटी जीजीचा धीर सुटला. ती उठून ओरडली, "पूर काय उना नही! मन्ही सून माहेरले गयी! आते जा घर!"

तेव्हापासून गावात मला तोंड दाखवायची सोय नाही. म्हशींनी तिसरीच्या वर्गात काय केलं ते मी लिहीत नाही, पण ते सचिवालाच धुवावं लागलं. आता खरा पाऊस लागला आहे, नदी गढूळ झाली आहे आणि काल भोंगा वाजला तर एकही माणूस उठला नाही. म्हणून बॅग लागते. कृपया ती कुणासोबत तरी नंदुरबारपर्यंत पाठवावी, तिथून मी घेईन.

आपला जावई,
हेमकांत

ता.क. : बॅग नाही पाठवली तरी चालेल. दोधूभाऊंची कागदपत्रं तेवढी पाठवा, ते सकाळ-संध्याकाळ दारात येऊन बसतात. माझ्या गोळ्या मी नव्या आणल्या. जीजी म्हणते की तिच्या देवांना नवापुरात बरं वाटत असेल तर राहू द्या, कामिनीच त्यांची पूजा करायची.

आणखी एक : आज पीठ शोधताना ते मिरचीचं पोतं उघडलं. बॅगेतून काढलेलं सामान त्यातच होतं. आईंसाठी घेतलेलं लुगडं, टोकं शिवून, घडी घालून. आपल्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली, वर तिच्या अक्षरात "आबा, रात्री" असं लिहिलेलं. दोन डझन हिरव्या बांगड्या. एक जुना फोटो, आपल्या अंगणातल्या निंबाखाली झोक्यावर बसलेली पोर, आणि मागे दोर धरून आपण. सगळ्याला तिखटाचा वास लागलाय. मी अर्धा तास शिंकत होतो. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचंच, असं मी जीजीला सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाई, मिरचीनंच ऱ्हाई."

शेवटचं : आबा, ती बॅग आधीपासूनच भरलेली होती. मलाच कळलं नाही. लुगडं धुवून वाळत घातलंय, पावसात वाळेल तेव्हा घेऊन येतो. बहुतेक शुक्रवारी. तोवर एक करा, बॅगेतला तो नायलॉनचा दोर काढा आणि निंबाला झोका बांधा. अखाजी होऊन गेली असली तरी बांधा. दोर मी स्वतः लोंबकळून पाहिलेला आहे. कामिनीला तिथे राहायचं तितके दिवस राहू द्या. निघेल तेव्हा बॅग मी उचलेन, म्हणून स्टेशनवर मला घ्यायला कुणाला पाठवू नका आणि जावयाचं पान मांडू नका. हमालाला देतात तेवढा चहा द्या.