त्या गुरुवारची झाकणं

ब्लांको, रविवार

प्रिय मारिसेला,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतोय आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरतेय. मिरच्यांच्या माळा दारावर टांगून झाल्या. कुत्रं म्हातारं झालं, तरी टपालवाल्यावर भुंकण्यापुरता दम त्याच्यात अजून आहे. एकतीस वर्षं गॅसच्या विहिरी सांभाळल्या, पण मुलीला पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप. तू कॉलेजात होतीस तेव्हाही आईच्या पत्राखाली नुसती सही ठोकायचो. फोन का नाही केला, ते सांगतो, पण माझ्या चालीने. मधली पानं सोडून आधी शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. ती आजच्या दिवस आवर.

मंगळवारी तुला बघितलं. समोर नाही, पडद्यावर. राजधानीतली, सांता फेची सुनावणी बर्डिकने आमच्या कंपनीच्या यार्डातल्या कचेरीत भिंतीवर लावली होती. बर्डिक म्हणजे माझा साहेब, तू तपासनीस म्हणून धाडलेल्या दोन नोटिसा ज्याने संडासाच्या दारावर डकवल्या आहेत तोच. त्याने डोनटचे दोन खोके मागवले होते. आमच्याकडे डोनट दोनच वेळा येतात, कोणी निवृत्त झालं की किंवा कोणाला काढायचं असलं की, त्यामुळे आम्ही सगळे जरा भीतभीतच आत शिरलो. पण साहेब खुशीत होता. गेल्या वर्षी उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या सरकारने गॅसगळतीचा स्वतःचा नियम गुंडाळला तेव्हापासून तो खुशीतच आहे. आता आडवा येतो तो फक्त आपल्या राज्याचा नियम, आणि तोही सैल करा म्हणून कंपन्या राज्याच्या मंडळापुढे गेल्या आहेत, त्याचीच ही सुनावणी. वर्षातून चारदा, डोळ्याला न दिसणारा गॅस दाखवणारा कॅमेरा लावून तपासणी होते ती एकदाच व्हावी, घरांजवळच्या विहिरींसाठी वेगळी कडक अट नको. मंडळाने मान डोलावली की तुमच्याकडे उरेल काय, तर एक पांढरी पिकअप आणि तिच्या दारावरचं राज्याचं चित्र.

खरं सांगू? वॉशिंग्टनने हात वर केले तेव्हा मला वाटलं होतं, आता तुम्हीही गुपचूप घरी जाल. या कोपऱ्यात हजारो विहिरी, आणि तुम्ही इनमीन चौघं. एवढ्या मोठ्या सरकारने जे सोडून दिलं ते चौघं काय धरून ठेवणार? तर पुढच्याच सोमवारी तुम्ही नेहमीसारखे रस्त्यावर. यार्डातली पोरं मला सांगतात ना, मुद्दाम मला ऐकू जाईल असं सांगतात. फेब्रुवारीच्या चिखलात तुझी गाडी रुतली तर तू कॅमेरा खांद्यावर टाकून तीन मैल चालत गेलीस. विहिरीवरच्या माणसाने विचारलं, बाई, तुम्हाला घरदार नाही का? तर तू म्हणालीस, आहे, इथला वारा जिकडे वाहतो तिकडेच आहे. दुसरी एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. लांबून पांढऱ्या गाडीची धूळ दिसली की ही पोरं आधी तुला शिव्या घालतात आणि मग पाना उचलून गळणारा सांधा आवळतात. शिव्या देऊन का होईना, आवळतात. गेल्या हिवाळ्यात आपल्या अंगणातून कोलोरॅडोचे बर्फाचे डोंगर सलग बारा दिवस स्वच्छ दिसले. आई रोज सकाळी कॉफी घेऊन बाहेर जायची आणि जणू ते तूच तिथे नेऊन ठेवलेत असं बघत बसायची. तुझं कौतुक माझ्या तोंडून कधी धड निघालंच नाही.

तुला आपल्या वहीची आठवण आहे का गं? तू नऊ वर्षांची होतीस, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर फिरायचीस. मी टाकीच्या शिडीवर चढायचो, वरचं झाकण उघडून पितळी वजनाची फीत आत सोडायचो आणि आतलं तेल किती ते ओरडून सांगायचो. तू पिकअपमध्ये बसून खिशातल्या वहीत लिहायचीस. पाच फूट चार इंच म्हटलं की तू विचारायचीस, बरोब्बर चार? मी म्हणायचो, जवळजवळ. तू पेन्सिल खाली ठेवून द्यायचीस. जवळजवळ लिहिता येत नाही पापा, परत बघा. उन्हातान्हात परत शिडी चढायचो मी, काय करणार! एकदा तू एका विहिरीचा आकडा दुसरीच्या ओळीत लिहिलास आणि दुसऱ्या दिवशी तेल न्यायला आलेला टँकर चाळीस मैलांचा हेलपाटा घालून रिकामा परत गेला. मग तू समासात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस, चूक माझी, मारिसेला. मी ते खोडायला लावलं आणि अर्धं पान भरेल एवढं मोठं लिहून घेतलं. चूक मोठ्या अक्षरात लिहायची, म्हणजे मागून येणारा फसत नाही, असं मी तेव्हा फार रुबाबात सांगितलं होतं. तू रडलीस. पण वळण तेच राहिलं तुला.

आता मंगळवारचं सांगतो. कंपनीच्या वकिलाने तुझाच अहवाल तुझ्यासमोर धरला. मे महिन्यातला, नागीझीजवळच्या नकाई आजींच्या तक्रारीचा. आजींच्या घरापासून माझी विहीर दगड मारला तर लागेल एवढी जवळ. मेंढ्या चारताना त्या नाकाला रुमाल बांधतात, संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं, म्हणून त्यांनी तुमच्याकडे तक्रार दिली. तू गेलीस, दोन तास कॅमेरा लावलास, आणि लिहिलंस की गळती आढळली नाही. वकील अगदी गोड आवाजात म्हणाला, राज्याच्या सगळ्यांत कडक तपासनीसबाईंना तक्रारीच्या जागीसुद्धा काही सापडत नाही, मग नियम हवा कशाला? कचेरीत टाळ्या पडल्या. बर्डिक स्वतःच्या खुर्चीवरून उठला, म्हणाला, "फिल, बस इथे. तुझ्या पोरीने आपलं काम केलं." एकतीस वर्षांत त्या कचेरीत मला कोणी खुर्ची दिली नव्हती. मी बसलो. डोनट हातात होता तो तसाच राहिला.

मग वकिलाने तुला विचारलं, या अहवालावर तुम्ही आजही ठाम आहात का? मला वाटलं तू सावरासावर करशील. हवामान वेगळं होतं, कॅमेरा जुना होता, काहीही म्हणता आलं असतं. तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "हो. त्या दिवशी मी जे पाहिलं तेच लिहिलंय. पण नकाईबाईंना येणारा वासही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मला अजून कळलेलं नाही." समोर वकील हसला, मंडळातल्या एकाने घड्याळ बघितलं. तू मात्र हललीही नाहीस. बाळ, सगळ्या राज्यासमोर मला कळलेलं नाही असं म्हणायला केवढी छाती लागते! हातातला डोनट मी परत खोक्यात ठेवला. कारण दोन्ही खरं कसं, ते त्या कचेरीत एका माणसाला कळत होतं आणि तो साहेबाच्या खुर्चीत बसला होता.

तो गुरुवार आठव. तू सोमवारी आईला फोन करून एवढंच म्हणालीस की गुरुवारी तुमच्या बाजूला आहे, दुपारी जेवायला येईन. कुठे जाणार, कशासाठी, अवाक्षर नाही. तपासणीला न कळवता जायचं असतं आणि तू घरीही नियम मोडला नाहीस. आईने बुधवारीच मका भिजत घातला, लाल मिरची काढली, आणि मला बजावलं, उद्या एकच्या आत घरी ये, पोरगी येतेय, पोसोले करतेय. तिच्या आनंदात दुसरं काही नव्हतं. पण नकाई आजींची तक्रार यार्डात सगळ्यांना माहीत होती. सांता फेची तपासनीस आमच्या बाजूला गुरुवारी कशाला येईल, हे समजायला मला बर्डिकची गरज नव्हती.

त्या विहिरीवर जास्तीचा गॅस जाळून टाकणारं यंत्र फेब्रुवारीपासून बंद आहे. सुटा भाग येतोय, येतोय, तोवर टाकीची झाकणं उघडी ठेव, असा बर्डिकचा हुकूम. म्हणजे सगळा गॅस थेट हवेत, आजींच्या दारात. गुरुवारी सकाळी आठला मी गेलो, आत दाब साठू नये म्हणून विहीरच बंद केली, दोन्ही झाकणं लावून खटके अडकवले, आणि एकला घरी येऊन तुझ्यासमोर बसून दोन वाडगे पोसोले खाल्लं. तू दमलेली होतीस. म्हणालीस, पापा, तुमची विहीर स्वच्छ निघाली, मला फार हलकं वाटतंय. मी तुला आणखी एक टॉर्टिया वाढला. तू गेल्यावर जाऊन विहीर चालू केली, झाकणं परत उघडली. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं. लेकीला बापाच्या विहिरीविरुद्ध लिहायची वेळ येऊ नये म्हणून केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. थोडंफार खरंही असेल ते. पण पुऱ्या पेन्शनला चौदा महिने उरलेत, हेही डोक्यात होतंच. तू जे दिसलं तेच लिहिलंस, पोरी. तुला दिसू नये याची सोय मी केली होती.

मंगळवारी घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने शेगडी बंद केली. मग म्हणाली, "माझ्या जेवणाचा असा उपयोग केलास तू?" दोन दिवस तिने मला ताट वाढलं नाही, तिसऱ्या दिवशी टेबलावर कागद-पेन आणून आपटलं. फोनवर तू हवापाण्याच्या गप्पा मारशील, लिही म्हणाली. पण तुला लिहिण्याआधी मी नकाई आजींकडे गेलो. त्यांच्या वस्तीच्या सभेत लोक त्यांना नाकवाली आजी म्हणून चिडवतात, तुझा अहवाल आल्यापासून. जी बाई मला थंडीत कधी मटणाच्या रश्शाशिवाय परत पाठवत नाही, तिला मी खोटं पाडलं होतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. माझ्या मेंढ्यांनाही माहीत होतं. तुला कधी माहीत होतंय, त्याची वाट बघत होते." आणि रस्सा वाढला. तो गिळणं मला जितकं जड गेलं तितकं काहीच गेलं नसेल. काल मी ती विहीर बंद केली आणि बर्डिकला निरोप ठेवला की सुटा भाग येईपर्यंत ती बंदच राहील.

तर पत्र एवढ्यासाठी. येत्या गुरुवारी सुनावणीत सामान्य लोकांना तीन-तीन मिनिटं बोलू देणार आहेत. मी नाव दिलंय, एकविसावं आहे. बाविसावं नकाई आजींचं, त्या माझ्याच गाडीतून येताहेत, आई मागच्या सीटवर डबा घेऊन. तुला तिथे अचानक धक्का बसू नये म्हणून आधी कळवतोय, परवानगी मागायला नाही. सोबत माझी खिशातली वही पाठवतोय. फेब्रुवारीपासून रोजचं लिहिलंय, झाकणं उघडी, झाकणं उघडी. मेच्या त्या तारखेला सकाळी आठ ते दुपारी चार, झाकणं बंद, विहीर बंद. लपवायला गेलो आणि हात सवयीने लिहून मोकळा झाला. तू ती मंडळाला दे. मग खात्याला नवा अहवाल लिहावा लागेल. दुसऱ्या कोणाकडे देतील तो, किंवा तुझ्याकडेच येईल. तुझ्याकडे आला तर बापाची नोकरी, बापाची अब्रू, काही मनात आणू नकोस. मी वहीत चूक माझी असं अजून लिहिलेलं नाही, ती जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. चूक कोणाची तिथे फिलिबेर्तो हाकेस, पूर्ण नाव लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही.

तुझ्या पेन्सिलीला आजही घाबरणारा, तुझाच
पापा