खिडकीवरचं कलम

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. शिलाई मशीनचा पट्टा पुन्हा तुटला हे वाचून हसू आलं. अगं, तो तुटत नाही, तू तोडतेस. इतक्या जोरात पाय मारायला ते मशीन तुला कुठे घेऊन जाणार आहे का? नवा पट्टा पाठवतोय, या खेपेला गाडीच्या पंख्याचा कापून. तुझ्या पायांना तो पुरून उरेल.

इकडची बातमी अशी, की सरकार आमच्या मागे लागलंय. म्हणजे अजून लागलं नाही, पण लागणार, असं आमचा रेडिओ सांगतो. रेडिओ म्हणजे समोरचा सुट्या भागांचा दुकानदार, ज्याचं बंद करायचं बटण आजवर कुणाला सापडलेलं नाही. तो म्हणतो, पर्यावरणाचा नवा नियम येतोय. ब्रेक उघडला की आतली काळी पूड हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरची ती पूड म्हणे छातीत जाऊन बसते आणि मग ऊठ म्हटलं तरी उठत नाही. आता मी तर जन्मभर हेच करत आलोय. आधी हवा मारायची, मग चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये तोंड घालून कोपऱ्यातली उरलेली पूड स्वतः फुंकायची, मग पाना हातात घ्यायचा. फुंकर मारल्याशिवाय मला ब्रेक उघडल्यासारखंच वाटत नाही.

पण नियम करणाऱ्यांनी विचार मात्र फार बारीक केलाय हं. शेवटचं कलम ऐक. गॅरेजला लागून स्वयंपाकघर असेल आणि मध्ये खिडकी असेल, तर अधिकारी त्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून बघणार. बोट काळं निघालं की ब्रेकचं काम बंद! आपल्या घराची रचना अगदी अश्शी आहे. कुठल्या तरी लांबच्या कचेरीत बसून त्यांना हे सुचावं म्हणजे कमाल आहे. तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली की सरकारचं सगळीकडे लक्ष असतं, आणि लगबगीने भांडी घासायला गेली.

ती खिडकी तुला आठवत असेल. पूर्वी मी गाडीखाली पडल्या पडल्या बोलायचो आणि ती आतून उत्तरं द्यायची. पुढे पूड आत येते म्हणून तिने खिडकी लावून घेतली आणि वरून खिळा ठोकला. त्यालाही आता जमाना झाला.

खोकला आहे तसाच. सकाळी मी खोकलो की शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकतं, कुत्रं भुंकलं की शेजारी उठतात. गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही. तू काळजी करू नकोस.

घरच्या सगळ्यांना आठवण सांग. माया आहे तशीच घट्ट ठेव, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टा मिळाला, बसवला. आता मशीन ट्रकसारखं आवाज करतं. काल ब्लाउजला काजं करत होते, तर तुझे मेहुणे बाहेर कोण गाडी लावतंय म्हणून बघायला गेले.

तुझ्या सरकारचं ते खिडकीचं कलम वाचून मी हातातली कात्री खाली ठेवली. इतकं घरगुती सरकार मी पाहिलं नव्हतं बाई. दूध उतू जाऊ देऊ नये असंही एखादं कलम आहे का, ते रेडिओला विचारून घे. पण थट्टा पुरे. नियम कुणीही केलेला असो, चांगला आहे. तू तो पाळ. मागे मी आले होते तेव्हा तू जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचास. दादा, त्या कॅलेंडरवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सोबत नाकाला बांधायचं फडकं पाठवतेय. दुहेरी शिवलंय. कापड फुलाफुलांचं आहे, कारण तेवढाच तुकडा उरला होता. मेहुणे म्हणतात, हे बांधून दादा गाडीखाली शिरला तर गिऱ्हाइकाला वाटेल बाग लावतोय. बांध तरीही.

वहिनीला वेगळं पत्र टाकतेय, ते उघडू नकोस. ओरडलास तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
धाकटी


२३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही बरोबर ओळखलंत. ते सरकार मीच.

काय करणार हो? मी सांगून थकले की ती पूड फुंकू नका. मी सांगितलं की ते हूं म्हणतात. रेडिओने सांगितलं की तीच गोष्ट बातमी होते आणि लगेच पटते. मग मीही त्याच दारातून आत शिरले. बल्ब आणायला गेले तेव्हा रेडिओपाशी बोलले, की असं असं ऐकलंय, असा नियम येतोय म्हणतात. बोलता बोलता ती खिडकी तोंडातून निघून गेली. आत इतका राग साठलाय तिच्यावर, तो कुठून तरी बाहेर पडणारच.

आधी सगळं छान झालं. यांनी भंगारातला एक जुना टब आणला. आता ब्रेक त्यात ठेवून साबणाच्या पाण्याने भिजवतात, ब्रशने हळू घासतात. फुलांचं फडकंही बांधतात. खोकला खरंच कमी झालाय. परवा शेजारीण विचारत होती की यांना बरं नाही का, आमचं कुत्रं उठतच नाही.

पण वन्सं, आता पुढचं ऐका. बाजारात भाजीवालीने मलाच माझी बातमी सांगितली. तीही केवढी वाढलेली! म्हणे छोट्या गॅरेजवाल्यांनी ब्रेकच्या भागांना हातच लावायचा नाही, लावला तर कुलूप. बदलायचे ते फक्त मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. घरातून फ्रॉकमध्ये बाहेर पाठवलेलं पोर मिशा फुटून परत यावं तसं झालंय. रेडिओला विचारलं, तर तो म्हणाला की घाऊक बाजारातून पक्की खबर आहे. आता मलाच कळेना, यातलं माझं किती आणि खरं किती.

यांच्याही कानावर ती गेलीय. मला भीती वाटते, आणि कबूल करायचीही भीती वाटते. काय करू ते उलट टपाली कळवा, आणि मला फार हसू नका.

तुमची,
वहिनी


२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र लहान आहे, कारण सांगण्यासारखं एकच आहे. मी गॅरेज देऊन टाकतोय.

छोट्यांना ब्रेकचं काम करता येणार नाही, हे आता चहाच्या टपरीपासून बस स्टँडपर्यंत सगळे बोलतात. मला दुसरं येतं काय? इंजीनवाले वेगळे, वायरिंगवाले वेगळे. माझ्याकडे माणूस येतो तो गाडी थांबत नाही म्हणून. ती थांबवायची, एवढीच माझी विद्या. ती कुणी काढून घेतली तर उरलेल्या जागेत मी काय, झाडू मारत बसू?

रेडिओ जागा घ्यायला तयार आहे, त्याला माल ठेवायला हवीच होती. वाईट माणूस नाही तो. फीत घेऊन आला, फळ्या कुठे लावायच्या ते मोजून गेला, आणि मोजताना मलाच फितीचं टोक धरायला लावलं. कुलूप लावायला अधिकारी येण्यापेक्षा आपण हसत किल्ली दिलेली बरी. येत्या रविवारी देणार.

तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा तिने तीनदा विचारलं, नक्की का म्हणून. मला वाटलं आनंद झाला असेल. तिलाच ती पूड नको होती ना? पण तिने साधं बरं झालं असंही म्हटलं नाही. बायकांचं मला अजून कळत नाही.

टब नुकता कुठे हाताशी बसला होता. पाण्याने धुतलेला ब्रेक कसा दिसतो, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. छान दिसतो गं.

आठवण काढत जा. मी काढतोच.

तुझा,
दादा


५ मार्च

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आत्ता आलं. लिहायला वेळ नाही, हे माणसाहाती पाठवतेय. तुम्हाला हसायचं मी नंतरसाठी राखून ठेवलंय.

वहिनी, दादा रविवारी किल्ली देणार आहे. एकदा दिली की तो परत मागायचा नाही, मोडेल पण मागणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. खरं किती आणि तुमचं किती, याचा घोळ घरात बसून सुटणार नाही. प्रदूषण खात्याची कचेरी तुमच्याच गावात आहे. उठा, चपला घाला आणि जाऊन विचारा. नियम खरा निघाला तर निदान खरा म्हणून सोसू. खोटा निघाला तर रविवारच्या आत दादाला सांगा. रागावेल. रागावू दे. राग त्याला पचतो. रिकामं बसणं पचणार नाही.

धीर धरा. मी तुमच्या बाजूने आहे, आणि बातम्या पसरवण्यात तुमच्या बरीच मागे आहे.

तुमची,
वन्सं


१२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी शेवट सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. किल्ली माझ्या खिशात आहे. आता सावकाश ऐक.

रविवारी सकाळी रेडिओच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही सगळे गॅरेजवाले जमलो होतो. मी किल्ली देणार म्हणून निरोपाचा चहा होता. तेवढ्यात तुझी वहिनी कोपऱ्यावरून येताना दिसली आणि तिच्याबरोबर छत्रीवाल्या एक बाई. त्या प्रदूषण खात्याच्या अधिकारी निघाल्या! वहिनी दोन दिवस त्यांच्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसत होती म्हणे. मला वाटत होतं, ती माझ्यावर रुसून कुठे तरी जाऊन बसते.

बाईंनी चहा घेतला आणि साफ सांगितलं, की कुणाचंही गॅरेज बंद होत नाही आणि ब्रेक बदलायला कुणालाही मनाई नाही. हे कुठून निघालं, तेच त्यांना बघायचं होतं. पूड मात्र खरोखरच वाईट, हे त्यांनी बजावलं. हवा मारू नका, ओलं करून पुसा, पुसलेलं फडकं पिशवीत बंद करा, आणि नाकाला चांगला मास्क लावा. तुझं फडकं बघून त्या गोड हसल्या. म्हणाल्या, फुलं सुंदर आहेत, पण बारीक पूड त्यातून सरळ आत जाते. तेव्हा ते आता निवृत्त झालं, रागावू नकोस.

सगळे खूश होऊन उठणार, तोच बस स्टँडजवळच्या मिशीवाल्या मिस्त्रीने हात वर केला. खिडकीच्या कलमाचं काय, म्हणाला. त्याच्या गॅरेजला स्वयंपाकघर लागून नाही, म्हणून त्याने गवंड्याला सांगून ठेवलंय. तर स्वयंपाकघर आधी बांधायचं की भिंतीला खिडकी आधी पाडायची? दुसरा म्हणाला, त्याच्याकडे तशी खिडकी नाही, पण खबरदारी म्हणून तो रोज मावशीच्या घरची पुसून येतो. बाईंना काही उमगेना. असं कलम आमच्याकडे कुठेच नाही, म्हणाल्या. मग सगळ्यांनी रेडिओकडे पाहिलं. आणि धाकटे, आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद पडला. तो नुसता तुझ्या वहिनीकडे बघत राहिला.

वहिनी काचेच्या कपाटातले स्पार्क प्लग बघत होती. फार मन लावून. तिला स्पार्क प्लग आणि पाण्याची तोटी यांतला फरक कळत नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या गावात स्वयंपाकघराला लागून गॅरेज असलेलं घर एकच, आणि मी सरकारच्या हुशारीचं कौतुक तुला पानभर लिहून पाठवलं! तू त्याच दिवशी ओळखलं असशील. ओळखून गप्प बसलीस. तुझा हिशेब वेगळा करू.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, की ते कलम फक्त आमच्या घरापुरतं आहे, बाकीच्यांनी गवंड्याला परत पाठवावं. बाईंनी विचारलं, ते कुणी काढलं. मी म्हटलं, वरून आलंय.

घरी येताना मी चार पावलं पुढेच चाललो आणि थेट जेवायला बसलो. तिला वाटलं मी रागावलोय. खरं सांगू? थोडा होतो. हातातली जागा जाता जाता राहिली होती. मग ताटावरून उठलो, पक्कड घेतली आणि त्या खिडकीचा खिळा उपटला. गंजला होता, सहज निघाला नाही. बिजागऱ्यांना तेल घातलं. ती बघत उभी होती. मग फडकं आणून कठडा पुसायला लागली, आणि पुसता पुसता रडायला लागली, आणि रडता रडता मलाच ओरडली की पक्कड ओट्यावर ठेवू नका.

रेडिओने फीत गुंडाळून ठेवलीय. आता टायरच्या वासावर काही तरी नियम येतोय म्हणतो. मी कान बंद ठेवलेत.

खिडकी दिवसभर उघडी असते. मी टबापाशी असतो, ती आत. काय बोलतो ते विचारू नकोस, काही विशेष नसतं. संध्याकाळी मात्र काम संपलं की ती कठड्यावर बोट फिरवते आणि माझ्यापुढे धरते. कलम लागू आहे. काल बोट काळं निघालं. मी म्हटलं, हे कढईचं आहे, ब्रेकचं नाही. ती म्हणते ब्रेकचंच आहे. तपास चालू आहे.

तू ये, तुझ्यासमोर निकाल लावू. आल्यावर बसायला खिडकीजवळची जागा तुझी.

तुझा,
दादा